शंकर नाग : एक बहुभाषी नट



बंगळुरूमध्ये शंकर नाग यांच्याविषयी मराठीतून बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु येथील रिक्षांच्या पाठीवर ज्यांचे चित्र आजही दिसते, त्या कन्नड नटाची उमेदवारी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली. १९५४ साली जन्मलेले नाग मूळचे होन्नावरकडचे; घरची भाषा कोंकणी. गिरीश कार्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्लि’ या १९७८ च्या चित्रपटात त्यांनी भाडोत्री योद्धा साकारला आणि आंतरराष्ट्रीय महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळविले. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता.

पुढे ‘ऑटो राजा’सारखे चित्रपट आले. जाणकारांनी नाके मुरडली. मला मात्र त्यात कमीपणा दिसत नाही. रिक्षाचालकांनी ज्याला आपला मानले, त्यानेच आर. के. नारायण यांचे मालगुडी आगुंब्यात उभे केले. मूळ कथा इंग्रजी, माणसे कानडी मातीतली, संवाद हिंदी. तरीही गाव परके वाटत नाही. आम्हा अनुवादकांना हेवा वाटावा असेच हे काम होय.

३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात ते गेले. वय अवघे पस्तीस. त्याच अपघातात जखमी झालेल्या त्यांच्या पत्नी अरुंधती, ज्या स्वतः मराठी रंगभूमीवर वावरलेल्या, त्यांनी चौदा वर्षांनी, २००४ मध्ये, जे. पी. नगरात ‘रंगशंकरा’चे दार उघडले. प्रयोग सुरू झाल्यावर मात्र ते दार कोणासाठीही उघडत नाही. बंगळुरूच्या वाहतुकीत अडकलेल्यांना या नियमाचे धारिष्ट सांगावयास नको.