नेत्याची पारख तुरुंगाच्या दाराशी

(हैदराबाद येथे मराठी नागरिकांच्या सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



नेता कोणास म्हणावे, हा प्रश्न प्रत्येक चळवळीत येतो. परंतु बहुधा तो हारतुरे घालून झाल्यावर येतो, हे आपले दुर्दैव. त्याचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापूर्वी ज्या शहरात आपण जमलो आहोत, त्यालाच ते विचारावे. या हैदराबादने नेतृत्वाच्या तीन तऱ्हा पाहिल्या आहेत.

पहिली तऱ्हा संस्था उभारणाऱ्याची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी १९०७ साली येथे विवेकवर्धिनी शाळा काढली. निजामी अमलात सभेलाही परवानगी लागे, तेथे शाळा आणि वाचनालय हेच लोकजागृतीचे आश्रयस्थान होते. तथापि अर्ज वाचणाराच बहिरा असला, तर अर्जदाराने काय करावे? १९३८ साली स्टेट काँग्रेस रीतसर जन्मास येण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली, तेव्हा या मार्गाची सीमा स्पष्ट झाली.

दुसरी तऱ्हा सर्वस्व पणास लावणाऱ्याची. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परगे व आंबेजोगाई येथील शिक्षक. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंग पत्करला. ज्याला घरदार नाही, त्याला जप्तीचे भय कोण घालणार? पण येथेही धोका आहे. भगवी वस्त्रे पाहताच लोक हात जोडतात. आणि जोडलेले हात कामाला मोकळे राहत नाहीत.

तिसरी तऱ्हा संघटकाची. गणिताचे उच्च शिक्षण घेतलेल्या गोविंदभाई श्रॉफांनी कार्यकर्त्याला जयघोषाबरोबर विचारही करावयास शिकविले. मात्र विचाराला धार आली की मतभेदांनाही येते. स्टेट काँग्रेसमधील जहाल-मवाळ वाद विकोपास गेला आणि निजामी राजवट संपल्यावर गोविंदभाई व त्यांचे सहकारी काँग्रेसबाहेर पडले.

मग या तिहींत श्रेष्ठ कोण? आमच्या मते हा प्रश्न तुरुंगाच्या दाराशी विचारावा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींना अटक झाली. पुढील तेरा महिन्यांतील बहुतेक काळ ते गजांआड होते. पण चळवळ थांबली काय? दिगंबरराव बिंदूंच्या नेतृत्वाखाली कृती समिती उभी राहिली, सोलापूर-मनमाडकडील छावण्यांतून लढा चालला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता कोसळली. तो निकाल भारतीय सैन्याने लावला हे खरे. पण तोवर जनतेचा धीर टिकविला तो या बिनीच्या कार्यकर्त्यांनी. नेता आत असताना बाहेर शंभर माणसे उभी राहतात, हीच त्याची खरी कमाई.

दुसरी परीक्षा विजयानंतरची. १९५२ साली मुख्यमंत्रिपद बुर्गुल रामकृष्ण रावांकडे गेले. लढ्याचे अध्यक्ष स्वामीजी लोकसभेत बसले आणि भाषावार त्रिभाजनाचा आग्रह धरीत राहिले. १९५६ साली ते त्रिभाजन झाले. त्यात बीदरकडील मराठी गावे मागे राहिली, हे शल्य आम्ही सीमावासी विसरू शकत नाही. परंतु खुर्चीवाचूनही ध्येय पुढे नेता येते, हा धडाही आम्ही विसरता कामा नये.

१९७२ साली स्वामीजी याच शहरात निवर्तले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. तेथे फूल अवश्य वाहा. पण आपल्या गावी परतल्यावर आपल्या पुढाऱ्याला एवढेच विचारा : उद्या तुम्ही नसलात, तर हे काम कोण करील? ज्याला या प्रश्नाचा राग येईल, त्याच्या गळ्यातला हार खुशाल उतरवा. जो चार नावे सांगेल, त्याच्यामागे निःशंक चला.