पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा

(नाशिक येथे लघुपट-शिबिराच्या सुरुवातीला केलेलं भाषण)



उद्यापासून आपण लघुपटाचं काम सुरू करतो आहोत. विषय तुम्हीच निवडलात. घरातलं माणूस गेल्यावरचं दुःख, आणि घर सोडून न गेलेला आत्मा. काल एकीनं विचारलं, "आपण अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या बायका, मग भुताचा सिनेमा कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधूनच कॅमेरा हातात घेऊ.

रामकुंडावर दहाव्याचे विधी आपण सगळ्यांनी पाहिलेत. पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला नाही, तर गेलेल्याची इच्छा राहिली असं मानतात. मग नातेवाईक हात जोडून एकेक वचन देतात. मुलीचं लग्न करू, धाकट्याला शिकवू, म्हातारीला सांभाळू. तरीही कावळा आला नाही, तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. आता विचार करा, सासरी जळून मेलेल्या सुनेच्या पिंडापुढे कोण कोणतं वचन देईल? 'तुला कोणी जाळलं ते पोलिसांत सांगतो' असं तिथे कोण म्हणेल? माझ्या मते आपला लघुपट इथून सुरू होतो.

मराठीत याच विधीवर एक मोठा चित्रपट आहे. 'काकस्पर्श', २०१२ सालचा, दिग्दर्शक महेश मांजरेकर, मूळ कथा उषा दातार यांची. त्यात धाकटा भाऊ मरतो आणि त्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही. थोरला भाऊ मनाशी वचन देतो, तेव्हा शिवतो. ते वचन मागे राहिलेल्या कोवळ्या विधवेबद्दलचं, तिला दुसऱ्या पुरुषाचा स्पर्श होऊ देणार नाही असं. मेलेल्या पुरुषाच्या इच्छेनं जिवंत बाईचं आयुष्य बांधलं जातं आणि तिला कोणी विचारतही नाही. चित्रपट बघताना आपल्याला रडू येतं. पण रडून झाल्यावर हा प्रश्न उरतो, आणि तो आपण उचलायचा आहे.

आता भुतांकडे वळू. हडळ, जखीण, अळवंतीण. नावं बघा, सगळ्या बाया. बाळंतपणात गेलेली, पोटुशी गेलेली, विहिरीत सापडलेली. ती कशी मेली हे विचारायच्या आधीच गाव तिला घाबरायला शिकतं. भीती वाटली की चौकशी थांबते. आणि ती 'लागली' म्हणून मार खाणारीही बहुधा बाईच असते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. लग्नानंतर ७ वर्षांच्या आत हुंड्यापायी झालेल्या मृत्यूसाठी १९८६ पासून वेगळं कलम आहे. कायदे आहेत. पण दार बंद करून 'तिचा आत्मा भटकतोय' म्हटलं की काम भागतं. म्हणून आपल्या लघुपटात आत्मा पांढऱ्या साडीत येणार नाही. तो दिसणारच नाही. सकाळी नळाला पाणी येतं, पण भांडी वाजत नाहीत, एवढं पुरे. प्रेक्षकाला भीती वाटण्यापेक्षा त्यानं विचारावं, ती गेली कशी?

सिनेमा आपल्या गावाला नवा नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. पुढे आपलं चित्रपटाचं काम त्यांनी नाशिकला आणलं. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. मेलेला रोहिदास मांडीवर घेऊन स्मशानात बसलेली तारामती आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण फाळक्यांच्या चित्रपटात तारामती झाले अण्णा साळुंके, कारण काम करायला बाई मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, शिवाय सगळ्यांचा स्वयंपाकही करत होत्या. बाईचं दुःख पुरुषानं रंगवलं आणि बाईचे कष्ट पडद्याआड राहिले. आज आपल्या हातात मोबाइल आहे. दुःखही आपण सांगू आणि श्रेयनामावलीत प्रत्येकीचं नाव घालू, स्वयंपाक करणारीचंसुद्धा.

शेवटी काही गोष्टी ठरवून घेऊ. घाटावर दुसऱ्याच्या घरचं दहावं विचारल्याशिवाय टिपायचं नाही. आपल्यातल्या काहीजणींनी नुकतंच आपलं माणूस गमावलं आहे. त्यांना कॅमेऱ्यापुढे रडायला लावायचं नाही. कोणी थांबा म्हटलं की थांबायचं. जिची गोष्ट, तिला जोडणी झाल्यावर आधी दाखवायचं आणि नको म्हणाली तर ते काढायचं. बारा मिनिटांचा लघुपट दोन मिनिटांनी कमी झाला तरी चालेल.

एक प्रसंग मात्र माझ्या मनात पक्का आहे. पिंडापुढे पुरुष उभे आहेत, गप्प. मागून एक बाई पुढे येते आणि वचन देते. काय देते, ते आज रात्री जेवणानंतर आपण सगळ्यांनी मिळून लिहायचं आहे.