पीजचे केंद्र गावाचे, प्रक्षेपक दिल्लीचा
(मंडळाच्या बडोदे येथील सर्वसाधारण सभेतील भाषण)



सरकारी वाहिनीवर मराठी कार्यक्रमांसाठी आठवड्याला अर्धा तास मिळावा, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. माझा त्याला विरोध नाही. पण हात वर करण्यापूर्वी आपल्या शेजारच्या एका दूरचित्रवाणी केंद्राची हकिगत ऐकावी, ही विनंती.

बडोद्याहून अहमदाबादकडे जाताना नडियादजवळ पीज नावाचे गाव लागते. १९७५ साली तिथे १ किलोवॅटचा छोटा प्रक्षेपक उभा राहिला. त्याच वर्षी अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा 'साइट' प्रयोग सुरू झाला. मूळ कल्पना विक्रम साराभाईंची. प्रयोगाची धुरा सांभाळली ती कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांनी. ३१ जुलै १९७६ रोजी उपग्रहाचा प्रयोग संपला, पीजचे काम मात्र पुढेही चालू राहिले.

खेडा जिल्ह्यातल्या सुमारे ४०० गावांत सार्वजनिक संच बसवले होते, कुठे शाळेत, कुठे दूध मंडळीच्या जागेत. संध्याकाळचे दूध घातले की माणसे तिथेच बसून कार्यक्रम पाहत. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातील मंडळी गावोगाव हिंडून लोकांच्या अडचणी समजून घेत आणि त्यावर कार्यक्रम करीत. भाषा पुस्तकी नव्हती, चरोतरची बोली होती. जाहिराती नव्हत्या. हुंडा, अस्पृश्यता, शेतमजुरांची मजुरी यांवर तिथे उघडपणे बोलले जाई. 'दाद फरियाद'मध्ये गावकऱ्यांची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांपुढे मांडली जात. साहजिकच काही बड्या मंडळींना हे रुचले नाही. पण बाहेर त्याची कदर झाली आणि १९८४ साली ग्रामीण संपर्काच्या कार्यासाठी युनेस्कोचा पुरस्कार खेडा प्रकल्पाला मिळाला.

आणि १९८५ साली केंद्र बंद झाले! पीजचा प्रक्षेपक मद्रासला दुसऱ्या वाहिनीसाठी हलवण्यात आला. गावकऱ्यांनी विरोध केला, निषेध केला, पण काही उपयोग झाला नाही. दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ पासून सुरू झालेला होता आणि देशभर नवे प्रक्षेपक उभे राहत होते. त्या हिशेबात एका जिल्ह्याच्या बोलीतले केंद्र बसत नव्हते.

कार्यक्रम वाईट होते म्हणून ते बंद पडले नाही. प्रेक्षक नव्हते म्हणूनही नाही. कार्यक्रमात लोक होते, पण यंत्र कुठे राहायचे हे ठरवण्यात त्यांना स्थान नव्हते. चरोतरचे लोक तर स्वतःच्या प्रांतात, स्वतःच्या भाषेत, बहुसंख्य होते. त्यांची ही गत झाली, तर पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या आपल्यासारख्या अल्पसंख्य मराठी भाषकांनी दुसऱ्याच्या अर्ध्या तासावर किती विसंबायचे?

म्हणून माझी एक उपसूचना आहे. अर्धा तास जरूर मागावा, तो आपला हक्क आहे. परंतु त्याची वाट न पाहता आपल्या घरांतील वृद्धांचे बोलणे, बडोद्याच्या मराठीतले खास शब्द, जुन्या वाड्यांच्या आणि संस्थांच्या आठवणी यांचे चित्रण मंडळाने आजपासून सुरू करावे. आता त्याला प्रक्षेपक लागत नाही. नातवाच्या खिशातला फोन पुरतो. मूळ चित्रण आणि त्याचे हक्क मंडळाकडेच राहतील, वाहिनीला फक्त प्रत दिली जाईल, हे लेखी ठरवावे. खर्चाची तरतूद याच वर्षीच्या अंदाजपत्रकात असावी, नाहीतर पुढच्या सभेत पुन्हा हेच बोलणे होईल, आणि तोवर बोलणारी काही माणसे आपल्यातून गेलेली असतील.

ही उपसूचना ठरावाला जोडून मगच मतदान घ्यावे, अशी अध्यक्षांना विनंती करतो आणि थांबतो.