परदेशातील पहिला हिवाळा
(विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



माझी नात गतवर्षी उच्च शिक्षणासाठी एडिंबरोस गेली. ते नगर सुमारे ५६ उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरात तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो व दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो. त्या अंधारात पोर खोलीत कोंडून घेऊन बसली. "आजोबा, मला परत यावेसे वाटते," असे दूरध्वनीवर म्हणाली. 'ये' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला. "रोज उजेड असेतो एक नवी जागा पाहा आणि मला सांग," एवढेच म्हणालो.

प्रथम ती विनाशुल्क पाहता येणाऱ्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. मग रॉयल माइलने किल्ल्यापर्यंत चढली. शेवटी २५१ मीटर उंचीच्या 'आर्थर्स सीट' या मृत ज्वालामुखीवर. तेथून फोर्थची खाडी पाहून म्हणाली, "आजोबा, आता हे गाव ओळखीचे वाटते."

पालकहो, मुलांना आपण शिष्यवृत्ती देतो, तसा धीरही द्यावा. 'जेवलीस का?' हे अवश्य विचारा. परंतु 'आज काय पाहिलेस?' हेही विचारण्यास विसरू नका.