गुडघे टेकल्यावर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘निवृत्तीनंतर काय करतोस?’ असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. मी कुत्र्यांचे फोटो काढायला शिकतोय. हसू नका!

आमचा काळू १३ वर्षांचा झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘आता वय झालंय.’ घरी येऊन मोबाइल चाळला, तर त्याचा एकही धड फोटो नाही. सगळे उभ्यानं, वरून काढलेले. काळ्या अंगात डोळेच हरवलेले. मग मुलाचा जुना कॅमेरा काढला.

पहिला धडा, गुडघे टेकून त्याच्या नजरेच्या पातळीवर यायचं. दुसरा, फोकस नाकावर नाही, डोळ्यावर. तिसरा, तो पळत असेल तर शटर १/१००० सेकंदाच्या आसपास. नाहीतर पाय पुसट येतात. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड पुरे. आणि काळ्या रंगानं चौकट भरली की कॅमेरा फसतो, काळ्याचा राखाडी करतो. तिथं एक्स्पोजर थोडं उतरवायचं.

दीडेकशे फोटो फुकट गेले. काळू मात्र कंटाळला नाही.

यंदा पावसाळ्यात तो गेला. भिंतीवर एक फोटो आहे. पांढरी झालेली हनुवटी, डोळ्यांत खिडकीचा उजेड. आणि नीट पाहिलं तर त्या उजेडात गुडघ्यांवर बसलेला मी.

जेवणानंतर सगळ्या गुरुजनांचे फोटो काढणार आहे. सर, बाई, आपण खुर्चीतच बसा. खाली मी बसेन. शाळेत तुम्ही ती सवय लावलीच आहे!