जस्त : जमिनीत अडकलेले, भाकरीतही अडकलेले



जस्त म्हटले की आपल्याला घरावरचा पत्रा आठवतो. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर देतात. तेच जस्त पिकाला आणि माणसालाही लागते. लागते कणभर, पण नसले तर पोत्यापोत्याने टाकलेले खत वाया जाते.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्त नाही असे नाही. सामू ८ च्या वर गेला की ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. मग ज्वारीच्या कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे पडतात. कपाशीची पाने लहान राहतात, पेरे आखूड होतात. आपण म्हणतो, नत्र कमी पडले. आणि उधारीवर युरिया आणतो. दुखणे एक, औषध भलतेच!

आधी माती तपासू. उपलब्ध जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाले, तरच एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यायचे. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवायचे नाही. स्फुरद जस्ताला बांधून टाकतो. दरवर्षी टाकायचीही गरज नाही.

आता घरात पाहू. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६३ साली इजिप्तच्या खेड्यांतून दाखवले, की जस्ताअभावी पोरांची वाढच खुंटते. भाकरीतले जस्तही धान्यातल्या फायटेटमुळे अंगी कमी लागते. आंबवल्याने, मोड आणल्याने ते मोकळे होते. आपल्या मायबहिणींची आंबील म्हणूनच शहाणपणाची. सहा महिन्यांवरच्या मुलाला हगवण लागली तर ओआरएसबरोबर रोज २० मिलिग्रॅम जस्ताची गोळी १४ दिवस द्यावी. हगवण थांबली तरी मध्येच सोडू नये.

उंदरांसाठीचे काळे झिंक फॉस्फाईड मात्र जहर आहे. पोटात गेले की विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. ते घरात ठेवूच नका.

२०१८ साली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आली. तिच्या किलोभर दाण्यात सुमारे ३२ मिलिग्रॅम जस्त, साध्या ज्वारीत सुमारे २०. पण काट्यावर दोन्ही सारख्याच. देशाच्या पोरांना कसदार दाणा हवा असेल, तर कसाला दाम द्यावा लागेल. तोवर आपल्या घरच्या पोरांपुरते तरी चार तास पेरू!