भाऊबीजेचं तिकीट गणपतीतच

(इंदूर येथे गणेशोत्सवात मंडळातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी मुंबई-पुण्याकडे आहे. लेक तिकडे दिलेली असते, नाहीतर मुलगा नोकरीला असतो. दिवाळीत जायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते : विमानानं, मोटारीनं की रेल्वेनं? मंडळातर्फे आज आम्ही रेल्वेची बाजू मांडणार आहोत.

आधी तिचं उणं सांगून टाकतो. आग्रा रोडनं सेंधवा, धुळे, नाशिक करत मुंबई सुमारे 600 किलोमीटर. रेल्वे मात्र उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घालते. अंतर 830 च्या घरात जातं. आपले आजी-आजोबा छोट्या लाईननं खंडव्याला उतरून मुंबईची गाडी धरत. त्या लाईनसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आहे. तो होईपर्यंत वळसा आहेच.

पण हा वळसा आपण झोपेत पार करतो. अवंतिका संध्याकाळी निघते, सकाळी मुंबईत. दिवस मोडत नाही. विमान तासा-दीड तासाचं खरं. पण विमानतळावर आधी पोहोचणं, सामान, तिकडची टॅक्सी धरली तर अर्धा दिवस जातोच. मोटारीत बिजासनचा घाट, ट्रकांची रांग आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांवरची झोप. धुळे-नाशिकला जायचं असेल तर मोटारच बरी, आणि अडीअडचणीला विमान हवंच. पण तीन पिढ्यांनी मिळून जायचं असेल तर रेल्वेला तोड नाही.

कारण प्रश्न आजीचा असतो. गुडघे दुखतात म्हणून ती दहा-बारा तास मोटारीत बसू शकत नाही, सहा जणांचं विमानभाडं ऐकलं की स्वतःच म्हणते, "तुम्ही जा रे, मी घर सांभाळते." असं दोन-तीन वर्षं झालं की तिचं माहेर तुटतं. रेल्वेत तिला पाय पसरता येतात, उठून चार पावलं चालता येतं. डबा उघडला की दशम्या आणि चटणीबरोबर माहेरच्या गोष्टीही निघतात. घरात हिंदी बोलणारी नातवंडं त्या रात्री आजीचं मराठी कान देऊन ऐकतात.

आता व्यवहाराचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन साधारण 54-55 दिवसांचं अंतर. म्हणजे दिवाळीला जायचं आरक्षण चतुर्थीच्या आधीच उघडतं आणि भाऊबीजेनंतर परतायचं या दहा दिवसांत. आरतीची तयारी करता करता हे कामही उरकून घ्या.

दुसरं, खालच्या बर्थचं. 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या स्त्रिया यांच्यासाठी वेगळा कोटा आहे. पण तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा. डबा वेगळा येऊ शकतो, तेव्हा कुणी तरी तरुणानं त्यांना जागेवर बसवून द्यावं आणि रात्री एक फेरी मारावी. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, हेही हिशेबात धरा.

तिसरं, उतरायचं कुठे. बोरिवलीकडच्यांना अवंतिका सोयीची. डोंबिवली-कल्याणकडे जाणाऱ्यांनी पुण्याची गाडी पाहावी. ती वसईवरून कल्याणमार्गे जाते.

ज्यांना मोबाईलवर तिकीट काढणं जमत नाही, त्यांच्या शेजारी आपल्या मंडळातली तरुण मुलं आहेतच. मुलांनो, या दहा दिवसांत आपल्या गल्लीतल्या एका तरी आजीला विचारा, "आजी, भाऊबीजेला जायचंय का?"

गणपती बाप्पा मोरया!